हातोडा चालेल, चप्पल नाही

कल्याणरावांच्या जीपला इंजिन होतं, ब्रेक होते आणि वास होता. पहिल्या दोन्हींबद्दल अधूनमधून शंका यायची, तिसऱ्याबद्दल कधीच नाही. जीप त्यांनी पारनेर तालुक्यातल्या एका दूधवाल्याकडून जुनी घेतली होती. त्या भल्या माणसाने किटल्या वाहता वाहता जेवढं दूध डेअरीला घातलं, त्याच्या खालोखाल जीपच्या कार्पेटला पाजलं होतं. ते कार्पेट उन्हाळ्यात नासायचं, पावसाळ्यात आंबायचं, आणि थंडीत जरा कमी घाण यायची तेव्हा कल्याणराव बायकोला म्हणायचे, "बघ, गेला का न्हाई वास?"

सीमा, म्हणजे त्यांची बायको, यावर पिशवी भरायला घ्यायची. ती एसटीने जायची. नगरहून कर्जतला माहेरी जायचं असलं की दारात स्वतःची जीप उभी ठेवून ही बाई पिशवी घेऊन स्टँडवर जायची. शेजाऱ्यांना वाटायचं, नवरा-बायकोचं पटत नसावं. पटत होतं. कार्पेटचं पटत नव्हतं.

त्याला कारण होतं, आणि ते तिने नवऱ्याला एकदाच सांगितलं होतं. काही वर्षांपूर्वी भाच्याच्या जावळाला ती याच जीपमधून गेली होती. नवी हिरवी साडी, केसात गजरा, आणि पाय दोन तास त्या ओलसर कार्पेटवर. भावाच्या दारात उतरली, तर तिची भावजय पंकजा सगळ्या बायकांसमोर नाकाला पदर लावून म्हणाली, "वन्सं, आधी पाय धुवा बाई! गोठ्यातून आल्यासारखा वास येतोय." बायका हसल्या. सीमाही हसली, कारण अशा वेळी हसावंच लागतं. मग मोरीत जाऊन पाय धुताना ती रडली, आणि तोंडही धुऊन बाहेर आली.

आता भावाने, श्रीमंतने, कर्जतला बंगला बांधला होता. वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला तो स्वतः नगरला येऊन गेला. तो गेल्यावर सीमाने नवऱ्याला चहा दिला आणि म्हणाली, "ह्या बारीला मी एसटीनं जायची न्हाई. आपल्या गाडीतून भावाच्या दारात उतरनार, चांगली साडी नेसून, नव्या चपला घालून, ताठ मानेनं. ते कार्पेट काढा, न्हाईतर मी येनारच न्हाई."

दुसऱ्याच दिवशी तिने कापड बाजारात जाऊन चपला आणल्यासुद्धा. मरून रंगाच्या, पट्ट्यावर बारीक जर असलेल्या. घरात घालून दोन फेऱ्या मारल्या आणि पुन्हा खोक्यात ठेवल्या. बाईमाणसाला एवढी हौस असू नये असा काही नियम नाही.

पलीकडच्या गल्लीत अलीमभाईंचं सीटकव्हरचं दुकान होतं. ते म्हणाले, "वहिनी, गाडी सकाळी लावा, दुपारपर्यंत नवं कार्पेट टाकून देतो." काम इतकं सोपं होतं. म्हणूनच कल्याणरावांना ते पटलं नाही. आपलं काम दुसऱ्याने करायचं आणि आपण बाकावर बसून चहा प्यायचा, हा त्यांना अपमान वाटे. शिवाय ते एमआयडीसीत लोखंडी कपाटांच्या कारखान्यात कामाला होते. कपाटांना रंग मारायचं खातं पलीकडच्या शेडमध्ये होतं. कल्याणराव टाइम ऑफिसात बसून कोण उशिरा आलं ते बघत. पण रंगाचा वास खिडकीतून आत येई, आणि तेवढ्या वासावर त्यांचं रंगाचं शिक्षण पूर्ण झालं होतं.

मोबाईलवर त्यांना एक व्हिडिओ सापडला. त्यात परदेशातला एक लालबुंद माणूस आपल्या गाडीतलं कार्पेट उपटून फेकतो, पत्र्याला काळं जाड कोटिंग लावतो, ते वाळलं की त्यावर चिखलाचे बूट घालून नाचतो, साखळदंड आपटतो आणि शेवटी हातोडा मारतो. एक ओरखडा उठत नाही. कल्याणरावांनी तो व्हिडिओ सगळ्या घराला दाखवला. त्यांच्या आई, भामाबाई, बराच वेळ बघून म्हणाल्या, "चांगलं केलंय की त्यानं. मग आता हातोडा का हानतोय?"

"मजबूत हाय ते दाखवतोय, आई."

"मजबूत हाय तर हानायचं कशाला?"

कल्याणराव सीमाकडे वळले. "कार्पेट म्हंजे घान साठवायची जागा. एकदा का हे कोटिंग केलं, की पाय चिखलाचे असूदेत न्हाईतर शेनाचे. बादलीभर पानी मारलं की खल्लास! आन हे सगळं मी कुनासाठी करतोय? तुझ्यासाठी."

खोटं कशाला सांगा, सीमाला ते ऐकून बरं वाटलं. संसारात असं वाक्य बायकोच्या वाट्याला रोज येत नाही. तिने तो दिवसभर पुरवून पुरवून आठवला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी कल्याणरावांनी जीपच्या सीटा खोलून अंगणात मांडल्या. भामाबाई त्यातल्या एकीवर बसून शेंगा फोडू लागल्या. मग कार्पेट निघालं. ते एका ओढीत आलं नाही, तुकड्या-तुकड्यांनी आलं, आणि गल्लीतल्या खिडक्या पटापट बंद झाल्या. खाली केसांच्या पिना निघाल्या, चिंचोके निघाले, आणि भामाबाईंची तंबाखूची पितळी डबी निघाली. ही डबी सुनेने मुद्दाम फेकून दिली, असं भामाबाई गेली कित्येक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. सीमाने डबी धुऊन, पुसून सासूबाईंच्या हातात ठेवली.

"मिळाली व्हय," भामाबाई म्हणाल्या. "बघ, नीट ठिवली असती तर तवाच मिळाली असती."

पत्र्यावरचा गंज खरवडणं, पॉलिश पेपरने घासणं, थिनरने पुसणं, कडांना चिकटपट्टी लावणं, हे सगळं कल्याणरावांनी एकट्याने केलं. एकट्याने म्हणजे सीमाने पाणी आणलं, फडकी आणली, चहा आणला, टॉर्च धरली आणि "वा" म्हटलं. अलीमभाई कठड्यावर बसून बघत होते. विकत आणलेल्या कोटिंगच्या डब्यावरच्या सूचना इंग्रजीत होत्या म्हणून कल्याणरावांनी त्या वाचल्या नाहीत, आणि मराठीत असत्या तरी वाचल्या नसत्या. डब्यात सोबतच्या बाटलीतलं, कोटिंग टणक करणारं औषध ओतलं आणि ढवळायला काही मिळेना, तेव्हा ते स्वयंपाकघरात जाऊन सीमाची ताकाची रवी घेऊन आले. ती त्यांनी ड्रिल मशिनला बांधली आणि बटण दाबलं.

पत्र्यापुरतं कोटिंग डब्यात राहिलं. बाकीचं तुळशीवर, भिंतीवर, भामाबाईंच्या शेंगांवर आणि मांजरावर गेलं. ते मांजर अजून एका बाजूने काळं आहे. रवीला तर मुक्तीच मिळाली.

"माझी रवी!" सीमा म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं," कल्याणराव म्हणाले. हे वाक्य दुसऱ्यांदा ऐकताना पहिल्याइतकं गोड लागलं नाही.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की, काम झकास झालं. बिघडलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. अलीमभाईंनी नवं कार्पेट टाकलं असतं आणि सगळे सुखाने कर्जतला गेले असते. पण रोलरने दोन हात मारल्यावर पत्रा काळाशार झाला, वाळल्यावर बारीक दाणेदार, टणक. कोपऱ्यात कुठे पोपडा नाही, कुठे ओघळ नाही. आणि वास? वास गेला. कल्याणरावांनी आत डोकं घालून लांब श्वास घेतला आणि बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. थोडे थिनरने, पण बाकीचे खरोखर आनंदाने.

दोन-तीन दिवसांनी सीटा बसल्या. सीमाने हौसेने खोक्यातून नव्या चपला काढल्या, साडीचा घोळ धरला आणि जीपमध्ये पाय टाकायला गेली.

"अगं अगं अगं! चपला!"

ती दचकून मागे सरली. "काय झालं? वाळलं न्हाई का?"

"वाळलंय. पन आत्ता कुठं वाळलंय. पिकायला पायजे."

आंबे पिकतात हे सीमाला माहीत होतं. ती थांबली. आठवडा गेला. मग कोटिंग पिकलं, पण ऊन फार होतं. मग ऊन उतरलं, पण चपलेच्या टाचेत खडा असू शकत होता. शेवटी कल्याणरावांनी नियमच केला. गाडीत चपला चालणार नाहीत. दाराशी काढायच्या, पाय झटकायचे आणि मग आत यायचं. भाजीवाला, पोस्टमन, कारखान्यातला, साहेबांच्या मोटारीलाही सलाम न करणारा वॉचमन, सगळ्यांना जीप बघायला मिळाली, आणि सगळ्यांनी ती देवळाचा गाभारा बघावा तशी उंबऱ्याबाहेरून बघितली.

"अहो, त्या व्हिडिओतला मानूस हातोडा मारत हुता," सीमा म्हणाली.

"त्याची गाडी हाय ती. आपली न्हाई."

अलीमभाईंनी दाढी खाजवत विचारलं, "कल्याणभाऊ, वर एखादं कार्पेट टाकून देऊ का? म्हंजे कोटिंग खराब व्हायचं न्हाई." कल्याणरावांनी यावर खरोखर विचार केला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. फक्त इथे नाक कुणाचं आणि मोती कुणाचा, हे सीमाच्या अजून ध्यानात आलं नव्हतं.

वास्तुशांतीचा दिवस उजाडला. वैशाखातलं ऊन सकाळीच तापलं होतं. निघणारे चौघे होते. कल्याणराव, सीमा, भामाबाई, आणि अलीमभाई, कारण श्रीमंतच्या गाडीची सीटकव्हरं त्यांनीच केली होती आणि त्यांनाही मानाचं आमंत्रण होतं. कल्याणरावांनी चपलांसाठी खताची एक गोणी धुऊन ठेवली होती. तीही आत ठेवायची नाही, कोटिंगला घासेल. मागे स्टेपनीला बाहेरून बांधायची. गोणी भरायची, बांधायची, सोडायची, सगळं ते स्वतः करणार. "दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई. तुमी लोक कशीबी कोंबता."

सीमाने आपल्या मरून चपला स्वतःच्या हाताने पुसून गोणीत दिल्या. एवढंच ना, ती मनाशी म्हणाली. कर्जतला उतरताना घालीन. वाटेत तिने खिडकीतून बाहेर बघत ते उतरणं पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. दार उघडायचं, आधी एक पाय, चपलेवरची जर चमकली पाहिजे, मग दुसरा. पंकजाचं तोंड कसं होईल ते मात्र तिला नीट ठरवता येईना.

मिरजगावच्या अलीकडे रसवंती दिसली आणि भामाबाईंना तहान लागली. गोणी सुटली, चपला निघाल्या, सगळे उतरले. रसवंतीवाला आसाराम बोलका होता. त्याने रस गाळता गाळता सहज विचारलं, "गाडी नवी काय पाव्हनं?"

झालं. कल्याणरावांनी रसाचा ग्लास खाली ठेवला, त्याला हाताला धरून जीपपाशी नेलं आणि कार्पेटपासून सुरुवात केली. आसाराम व्यवहारी माणूस. गिऱ्हाईक बोलतंय तोवर तो मान हलवत होता. शेवटी त्याने हातातल्या उसाच्या कांड्याने कोटिंगवर हळूच टकटक केलं आणि म्हणाला, "आयला, दगड हाय की हा!"

इतकी दाद कल्याणरावांना लग्नातही मिळाली नव्हती. इकडे रस संपवून बाकीचे आले, सवयीने दाराशी चपला काढल्या आणि आत बसले. तीन जोड जमिनीवर ओळीने राहिले. कल्याणराव आसारामला कडेचं काम दाखवत होते. दाखवून झालं, त्याच्याशी हात मिळवला, आपल्याही चपला त्याच ओळीत काढल्या, स्टिअरिंगवर बसले, हॉर्न दिला आणि निघाले. मागे स्टेपनीवर रिकामी गोणी वाऱ्याने फडफडत होती.

कर्जतला बंगल्यासमोरच्या मोकळ्या जागेत जीप थांबली, कल्याणराव मागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

"काय झालं?" सीमाने विचारलं.

"गोनी हाय," कल्याणराव म्हणाले.

"आन चपला?"

कल्याणरावांनी रस्त्याकडे बघितलं. मिरजगाव तिथून दिसत नव्हतं. तेवढ्यात सीमाचा फोन वाजला. श्रीमंत होता. "ताई, कुठवर आला? पूजा खोळंबलीय, गुरुजी घाई करत्यात."

परत जायला वेळ नव्हता. कल्याणरावांचं डोकं अशा वेळी फार वेगाने चालायचं, आणि चुकीच्या दिशेने. "अगं, त्यात काय! आत गेल्यावर पूजेत सगळेच अनवानी. मांडवापतूर जायचं, की झालं. कोन बघतंय पायाकडं?"

भामाबाई तर उतरून चालूही लागल्या होत्या. त्यांच्या पायांनी जन्मभर शेत तुडवलं होतं. अलीमभाई "या अल्ला" म्हणत टाचांवर पळाले. सीमा दार उघडून बसून राहिली. मग तिने आधी एक पाय खाली टाकला, मग दुसरा. मनात ठरवलं होतं अगदी तसंच, फक्त जर नव्हती. खाली मुरूम तव्यागत तापलेला होता. मांडवापर्यंतचं अंतर घरून निघताना कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, एवढंसं. आता ते संपेना. पळावं तर साडी, आणि लोक बघतायत. ती हसत हसत, भाजत भाजत, ताठ मानेने चालत गेली. एवढी एकच गोष्ट ठरल्याप्रमाणे झाली.

मांडवाच्या तोंडाशी चपलांचा ढीग होता. पंकजा पुढे आली, वाकून नमस्कार केला, आणि सरळ होताना तिने हलकेच नाक वर करून हुंगलं. "अगंबाई वन्सं," ती चारचौघींत म्हणाली, "आज वास न्हाई की हो!"

"कोटिंग केलंय!" कल्याणराव मागून आनंदाने ओरडले.

पूजा झाली, पंगती उठल्या. सीमा पुरणपोळी वाढायलाही उठली, कारण पाहुणी असली तरी ती त्या घरची लेक होती. तळपाय ठणकत होते. फरशी गार होती तेवढंच सुख. तिला वाटत होतं, निभावलं. आता ओटी भरली की गुपचूप गाडीत जाऊन बसायचं.

पंकजाने ओटी भरली, कुंकू लावलं, आणि भावजयीचं कर्तव्य म्हणून पोचवायला मांडवाच्या तोंडापर्यंत आली. "वन्सं, तुमच्या चपला कुठल्या? मी काढून देते."

सीमाने नवऱ्याकडे बघितलं. आता हा माणूस सांगेल, तिला वाटलं. हसतील लोक, पण हाच सांगेल.

"हितंच कुठंतरी असतील," कल्याणराव ढिगाकडे बघत म्हणाले.

मग जे व्हायचं ते झालं. पंकजा शोधू लागली, तिच्या बहिणी शोधू लागल्या. ढीग उपसला, चपला जोडीने लावल्या, आणि सीमाच्याच काय, दाजींच्या, विहीणबाईंच्या आणि अलीमभाईंच्याही चपला नाहीत असं निघालं. नव्या बंगल्याच्या पहिल्याच दिवशी माहेरवाशिणीच्या चपला चोरीला! श्रीमंतचं तोंड उतरलं. तो थेट माइकपाशी गेला. "आमच्या ताईंच्या आन पाहुन्यांच्या मिळून चार जोड चपला गेल्यात. कुनी चुकून घातल्या असतील तर आनून ठेवाव्यात." खुर्चीत पेंगत असलेल्या भामाबाई जाग्या झाल्या आणि मदत म्हणून मोठ्याने म्हणाल्या, "माझी हिरव्या पट्ट्याची हाय! अंगठा तुटका!"

अलीमभाई मांडवाच्या कापडाचा पोत बघत उभे होते. कल्याणराव आभाळ बघत होते.

पंकजा मांडवाच्या बाजूला उभ्या पाण्याच्या टँकरपाशी गेली. तिथे भांडी घासायला लावलेली बनुबाई बसली होती, साठीची, वाळकी. "तुला म्हनलं हुतं ना, घासता घासता चपलांवर नजर ठेव? कुनाकडनं गेल्या? का तूच कुनाला दिल्या?"

बनुबाईचे हात राखेने भरलेले होते. ती उठली, बावरली. "न्हाई वो वैनी. लेकराची शपथ. मी हितनं हालले बी न्हाई."

बायका गोळा झाल्या. एक जण बनुबाईच्या बोचक्याकडे बघू लागली. आणि बनुबाई ओशाळं हसली. सीमाने ते हसू ओळखलं. जावळाच्या दिवशी ते तिच्याच तोंडावर होतं. तिला नवऱ्याचा राग आला, पंकजाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, की आपण अजून गप्प का उभ्या आहोत. ती ठणकत्या पायांनी माइकपाशी गेली आणि भावाच्या हातून तो घेतला.

"चपला चोरीला गेल्या न्हाईत," तिचा आवाज अख्ख्या गल्लीत गेला. "आमी अनवानीच आलोय. आमच्या मालकांनी गाडीला कोटिंग केलंय. कोटिंगवर चपला चालत न्हाईत. त्या दाराशी काढल्या आन मिरजगावच्या रसवंतीवर राहिल्या. त्या बाईला कुनी काय बोलू नका."

मांडव हसला. आधी पोरं, मग बाया, मग गुरुजीसुद्धा. पंकजा सर्वात जोरात हसली, डोळ्याला पदर लावून. सीमा माइक ठेवून बाजूला झाली.

वाटलं असेल की कल्याणराव शरमेने कुठे तोंड लपवून बसले. छे! माणूस ज्यात गुंततो त्यात त्याला लाज दिसत नाही. कुणीतरी विचारलं, "दाजी, एवढं काय हाय त्या कोटिंगात?" आणि दाजी निघाले. मागे निम्मा मांडव. जीपचं दार उघडलं, भाषण सुरू झालं. "हातोडा मारला तरी काय व्हत न्हाई याला!"

"मारू का मग?" मांडववाल्या माणसाने खुंट्या ठोकायचा हातोडा वर केला.

कल्याणराव क्षणभर घाबरले. पण इतके लोक, इतकी उत्सुकता! "मारा!" ते म्हणाले.

त्याने मारला. दण्ण आवाज झाला. सगळे वाकले. ओरखडा नाही, खळगा नाही. टाळ्या पडल्या. कल्याणरावांनी अशा काही नजरेने सीमाला गर्दीत शोधलं की, बघ!

सीमा बघत होती. तिने टाळ्याही ऐकल्या. ती तिथून टँकरपाशी आली आणि एका उपड्या घमेल्यावर बसली. बनुबाईने तिचे पाय बघितले, न विचारता तळवा वर केला आणि चुकचुकली. "आगं बया, फोड आलेत की गं." मग टँकरच्या नळाखाली तांब्या भरून तिने ते पाणी हळूहळू सीमाच्या पायांवर सोडलं, राखेच्या हाताने. सीमाला रडू आलं. यावेळी तिने तोंड धुतलं नाही.

पंकजा आपल्या चपला घेऊन आली. हसून हसून तिचं कुंकू पसरलं होतं. "ह्या घाला वन्सं, राग धरू नका."

"नको. अनवानी आले, अनवानीच जाईन," सीमा म्हणाली आणि उठली. टँकरभोवती भांड्यांच्या पाण्याचा चांगला घोटाभर चिखल झाला होता. बाजूने कोरडी वाट होती. सीमा चिखलातून गेली. गार लागत होतं. माती, राख, पंगतीचं खरकटं, सगळं पायाला लेवून ती तशीच जीपपर्यंत आली, पुढच्या सीटवर बसली आणि दोन्ही पाय कोटिंगवर चांगले दाबून ठेवले.

कल्याणरावांचं तोंड उघडलं.

"बोला," सीमा म्हणाली.

त्यांची नजर चिखलावरून वर आली, आणि मग, बहुतेक त्या दिवसात पहिल्यांदा, तिच्या चेहऱ्यावर थांबली. त्यांनी गाडी सुरू केली. मिरजगावपर्यंत भामाबाईंनी तेवढी एकदा डबी उघडून मिटली.

आसारामने चपला बाकाखाली नीट लावून वर पोतं टाकलं होतं. ऊन लागू नये म्हणून. चार जोड चपलांची त्या दिवशी सीमापेक्षा बरी बडदास्त झाली होती. कल्याणराव उतरले, अनवाणी, तापल्या डांबरावरून गेले आणि पाय उचलत उचलत परत आले. त्यांनी गोणी सोडली नाही. त्यांच्या हातात फक्त मरून जोड होता, बाकीचे आसाराम मागून घेऊन येत होता. सीमाच्या बाजूचं दार उघडून ते वाकले, आणि तिच्या पायांशी, कोटिंगवर, चिखलाच्या मधोमध त्यांनी त्या चपला स्वतःच्या हाताने ठेवल्या.

"घाल," ते हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलं... चुकलंच माझं. घाल तू."

सीमाने उजवा पाय उचलून पट्ट्यात घालायला बघितला. जरीची कडा फोडाला लागली आणि तिच्या तोंडून "आई गं" निघालं. डावा पाय तर तिने उचललाच नाही.

"न्हाई जात," ती म्हणाली.

कल्याणरावांनी अंगातला इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला, त्याची घडी केली आणि तिच्या पायांखाली सरकवली. मग बनियनवर गाडी चालवत ते नगरला आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जीप धुतली. चिखल एका बादलीत निघाला, कोटिंग होतं तसंच काळंभोर, कुठे म्हणून काही झालेलं नव्हतं. सीमाचे पाय बरे व्हायला पुष्कळ दिवस लागले. तोवर मरून चपला जीपमध्येच होत्या, पुढच्या सीटखाली, कोटिंगवर.